डांबरगोळीचे १०१ टक्के

जुन्या कपाटात, ठेवणीतल्या साड्यांच्या घड्यांमध्ये सापडते ती पांढरी डांबरगोळी म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत नॅप्थलीन. दगडी कोळशाच्या डांबरातून हा पदार्थ निघतो, म्हणून आपल्याकडे हे नाव पडलं. (हल्ली बाजारात मिळणाऱ्या गोळ्या बऱ्याचदा वेगळ्याच पदार्थाच्या असतात, पण आजीच्या ट्रंकेतली ती हीच.) नॅप्थलीनमध्ये फक्त दोन मूलद्रव्यं असतात, कार्बन आणि हायड्रोजन. तिसरं काही नाही. त्यामुळे त्यात शेकडा किती कार्बन आणि शेकडा किती हायड्रोजन हे मोजून बेरीज केली तर १०० यायला हवी. थोडीफार कमी आली तर समजू शकतो, प्रयोगात काहीतरी सांडतं, उडतं, चिकटून राहतं. पण १८३० च्या दशकात पॅरिसमधल्या जाँ-बातिस्त द्युमाला ही बेरीज शंभराच्या वर जाताना दिसत होती. शंभराची नोट मोडायला दिली आणि सुटे १०१ रुपये परत आले, असा प्रकार.

एका टक्क्याने काय होतं, असं वाटेल. पण त्या काळी सेंद्रिय पदार्थांचं रसायनशास्त्र जवळजवळ सगळंच या टक्क्यांवर उभं होतं. रेणूची रचना बघायला दुसरं साधन नव्हतं. पदार्थ जाळायचा, निघालेल्या वस्तू तोलायच्या आणि त्यावरून सूत्र ठरवायचं, एवढाच मार्ग. तो हिशेबच एका टक्क्याने खोटा असेल तर आधीच्या वीस-पंचवीस वर्षांत लिहिलेली सूत्रं पुन्हा तपासावी लागणार होती.

आधी हिशेब काय असतो ते एकदा बघून घेऊ. अकरावीत ज्यांनी तो केलाय त्यांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जायला हरकत नाही.

घरातल्या गॅस सिलिंडरमध्ये १४.२ किलो एलपीजी असतो. तो सगळा ब्युटेन आहे असं धरू. (खरं तर प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतं, पण उत्तरात फार फरक पडत नाही.) ब्युटेनच्या रेणूत ४ कार्बन आणि १० हायड्रोजन. तो पूर्ण जळला की ४ कार्बनचे ४ कार्बन डायऑक्साइडचे रेणू होतात आणि १० हायड्रोजनचे ५ पाण्याचे. अणुभार धरून वजनं मांडली, तर ५८ ग्रॅम ब्युटेनपासून ४ गुणिले ४४, म्हणजे १७६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ५ गुणिले १८, म्हणजे ९० ग्रॅम पाणी. आता त्रैराशिक: १४.२ किलोला कार्बन डायऑक्साइड सुमारे ४३ किलो आणि पाणी सुमारे २२ किलो. दोन्ही मिळून ६५ किलो. सिलिंडर उचलून आणणाऱ्या माणसाच्या खांद्यावर एवढं ओझं नव्हतं, मग हे कुठून आलं? हवेतून. वरचे जवळजवळ ५१ किलो ऑक्सिजनचे. स्टॉइकिओमेट्री म्हणतात ती हीच: अभिक्रियेत काय किती लागेल आणि काय किती निघेल, याचा वजनी हिशेब. हा शब्द येरेमियास रिख्टर या जर्मन माणसाने १७९२ मध्ये वापरात आणला. त्याआधी त्याने क्योनिग्सबर्गला रसायनशास्त्रात गणित कसं वापरावं या विषयावरच प्रबंध लिहिला होता.

आपण केला तो हिशेब सूत्राकडून वजनाकडे जाणारा. १८३० च्या रसायनशास्त्रज्ञाला नेमकं उलटं करायचं होतं. त्याच्या हातात वजनं होती आणि सूत्र शोधायचं होतं. एक ग्रॅम पदार्थ जाळला, त्यातून इतका कार्बन डायऑक्साइड निघाला, तर मूळ पदार्थात कार्बन किती? यासाठी त्याला एकच गोष्ट आधी माहीत असावी लागे: कार्बन डायऑक्साइडच्या शंभर भागांत कार्बनचे भाग किती. प्रत्येक पृथक्करणात, प्रत्येक प्रयोगशाळेत, कार्बन डायऑक्साइडच्या वजनाला हाच गुणक लावायचा. म्हणजे गुणक चुकला की एकाच दिशेने, एकाच प्रमाणात सगळ्यांचं चुकणार. आणि सगळ्यांचं सारखंच चुकलं तर ते कुणाच्या लक्षात येणार?

हा गुणक पहिल्यांदा गंभीरपणे मोजला लव्हाझिएने. कोळसा बंद भांड्यात ऑक्सिजनमध्ये जाळून १७८९ च्या आपल्या ग्रंथात त्याने आकडा दिला: २८ भाग कार्बन, ७२ भाग ऑक्सिजन. आजचा आकडा २७.२९. तेव्हाचा तराजू, तेव्हाचा कोळसा (ज्यात हायड्रोजन आणि राख असणारच), हे बघता हा आकडा विलक्षण चांगला आहे. पाण्याच्या बाबतीत तो जास्त घसरला. त्याने पाण्यात १५ टक्के हायड्रोजन धरला होता, खरा ११.२ टक्क्यांच्या आसपास आहे. मद्यार्क, तेल, मेण असे पदार्थ जाळून त्यांच्यातला कार्बन-हायड्रोजन मोजण्याची कल्पनाही त्याचीच. १७९४ मध्ये गिलोटिनखाली त्याचा अंत झाला आणि हे काम तिथेच थांबलं.

पुढे गे-ल्युसाक आणि तेनार यांनी १८११ च्या सुमारास नुसत्या ऑक्सिजनऐवजी पोटॅशियम क्लोरेट वापरलं. पदार्थ आणि क्लोरेट यांच्या गोळ्या करून तापलेल्या उभ्या नळीत टाकायच्या. ते किती धोक्याचं होतं हे कुठल्याही फटाकेवाल्याला विचारा. लवकरच गे-ल्युसाकने तांब्याच्या ऑक्साइडचा वापर सुरू केला. ते शांतपणे ऑक्सिजन देतं, स्फोट नाही. स्वीडनमध्ये बर्झेलियसने नळी आडवी केली आणि निघालेलं पाणी कॅल्शियम क्लोराइडमध्ये शोषून थेट तोललं. कार्बन डायऑक्साइडसाठी मात्र त्याला पाऱ्यावर उलटं ठेवलेलं काचेचं भांडं लागायचं. वायू जमवायचा म्हणजे भांड्याच्या मापाची मर्यादा आली. भांडं लहान म्हणून नमुना लहान, आणि नमुना लहान म्हणून चूक मोठी.

इथे १८३१ मध्ये युस्टुस लीबिगची एंट्री होते. गीसेन नावाच्या लहानशा विद्यापीठात शिकवणाऱ्या या माणसाने काचेचा एक चमत्कारिक दिसणारा दागिना बनवला. एका नळीवर फुगवलेले पाच गोल, सगळी नळी त्रिकोणात वाकवलेली. खालच्या तीन गोलांत दाहक पोटॅशचं द्रावण. वायू त्यातून बुडबुड्यांनी एका गोलातून दुसऱ्यात जातो आणि कार्बन डायऑक्साइड द्रावणात शोषला जातो. वरचे दोन गोल द्रावण उसळून बाहेर जाऊ नये किंवा उलट नळीत ओढलं जाऊ नये म्हणून. जर्मनमध्ये त्याचं नाव कालीअपाराट, म्हणजे साध्या भाषेत पोटॅशचं उपकरण. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बोधचिन्हात ते आजही आहे. बहुतेक सभासदांना ते काय आहे हे माहीत नसावं, अशी मला दाट शंका आहे.

यातली हुशारी दिसायला छोटी आहे. वायूचं आकारमान मोजायचंच नाही, प्रयोगाआधी आणि प्रयोगानंतर उपकरण तोलायचं. वजनात जी वाढ, तेवढा कार्बन डायऑक्साइड. झालं. पाऱ्याचं भांडं नको, तापमान-दाबाच्या दुरुस्त्या नकोत, आणि नमुना हवा तेवढा मोठा घ्या. लीबिगला हे लागत होतं ते मॉर्फिनसारख्या अल्कलॉइडांसाठी. त्यांचे रेणू मोठे असल्याने टक्क्याच्या दशांशातल्या चुकीनेही सूत्रातला एखादा कार्बन कमीजास्त व्हायचा.

प्रयोग असा चाले. काचेच्या लांब नळीत तांब्याच्या ऑक्साइडबरोबर खलून पदार्थ भरायचा. नळीचं मागचं टोक बारीक ओढून बंद केलेलं. पुढे कॅल्शियम क्लोराइडची नळी पाण्यासाठी, तिच्यापुढे पाच गोलांचं उपकरण. नळीभोवती लोखंडी पन्हाळीत पेटते कोळसे, पुढून मागे हळूहळू सरकवत न्यायचे. सगळं जळून संपलं की मागचं टोक चिमट्याने मोडायचं आणि दुसऱ्या बाजूने तोंडाने हवा ओढायची, म्हणजे नळीत राहिलेला वायूही पोटॅशमधून जातो. हो, तोंडाने! आमच्या विभागात सुरक्षेच्या प्रशिक्षणात पिपेट तोंडाने ओढू नका असं दर वर्षी सांगतात, तेव्हा मला गीसेनची ती पोरं आठवतात. २००५ मध्ये विज्ञानाच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या एका गटाने हे उपकरण पुन्हा बनवून हे प्रयोग करून पाहिले होते. ज्यांना इतिहास हा फक्त कागदपत्रांचा विषय वाटतो त्यांनी तो लेख जरूर शोधून वाचावा.

पोटॅशच्या या उपकरणामुळे पृथक्करण हे दिग्गजांचं काम राहिलं नाही. विद्यार्थीही ते करू लागले. युरोपभर आकडे साचू लागले आणि सगळे कार्बन डायऑक्साइडच्या वजनाला एकच गुणक लावत होते. तो गुणक बर्झेलियसचा होता.

बर्झेलियस त्या काळचा अणुभारांचा हिशेबनीस. त्याच्या कोष्टकात ऑक्सिजन १०० धरलेला असे आणि त्या मापात कार्बन ७६.४४. आजच्या मापात आणायला १६ ने गुणून १०० ने भागा: १२.२३. आपण शाळेत शिकतो १२. कार्बन डायऑक्साइडमध्ये दोन ऑक्सिजन, म्हणजे २००. तर गुणक झाला ७६.४४ भागिले २७६.४४, म्हणजे २७.६५ टक्के.

आता डांबरगोळीकडे परत येऊ. नॅप्थलीनमध्ये १० कार्बन आणि ८ हायड्रोजन, हे आज आपल्याला माहीत आहे. प्रयोग अगदी निर्दोष झाला असं समजा. १ ग्रॅम नॅप्थलीनपासून ३.४३४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ०.५६२ ग्रॅम पाणी निघेल. बर्झेलियसचा गुणक लावा: ३.४३४ गुणिले ०.२७६५, म्हणजे ०.९४९ ग्रॅम कार्बन. पाण्यात हायड्रोजन त्या काळच्या आकड्याने ११.१ टक्के, म्हणजे ०.०६२ ग्रॅम. टक्क्यांत ९४.९ आणि ६.२. बेरीज १०१.१ च्या वर. प्रयोग जितका चोख, तितकी ही बेरीज ठामपणे चुकीची.

मग इतकी वर्षं कुणाला हे दिसलं कसं नाही? माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हाच आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

साखर घ्या. साखरेत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन, तिन्ही. कार्बन आणि हायड्रोजन जाळून मोजता येतात. ऑक्सिजन मोजायची सोय नव्हती. मग काय करायचं? शंभरातून बाकीचे दोन वजा करायचे, उरेल तो ऑक्सिजन. १ ग्रॅम साखरेतून १.५४३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. जुन्या गुणकाने कार्बन ४२.७ टक्के, खरा ४२.१. हायड्रोजन ६.४. वजाबाकीने ऑक्सिजन ५०.९, खरा ५१.४. बेरीज? बरोबर शंभर. ती शंभर येणारच, कारण आपणच ती शंभर केली. कार्बनच्या बाजूला घुसलेला अर्धा टक्का ऑक्सिजनच्या खात्यातून गुपचूप काढला गेला आणि ताळेबंद जुळला. ज्यांनी कधी सोसायटीचे हिशेब तपासलेत त्यांना 'इतर खर्च' नावाची ओळ कशासाठी असते हे माहीत असेल. ऑक्सिजन ही त्या काळच्या पृथक्करणातली 'इतर खर्च' होती.

साखर, आम्लं, मेदं, अल्कलॉइड, ज्यांच्यावर सगळे काम करत होते ते बहुतेक पदार्थ ऑक्सिजनवाले. त्यात चूक लपून गेली. फक्त कार्बन-हायड्रोजन असलेल्या पदार्थाला ही पळवाट नाही. त्यातही नॅप्थलीनमध्ये कार्बन तब्बल ९३.७ टक्के, म्हणजे गुणकातली चूक जवळजवळ पूर्णच्या पूर्ण बेरजेत उतरते.

दुसरंही एक कारण आहे. पोटॅशच्या उपकरणात कोरडा वायू शिरतो आणि द्रावणातून जाताना ओला होऊन बाहेर पडतो. म्हणजे उपकरणातलं थोडं पाणी तो घेऊन जातो आणि वजनवाढ कमी भरते. शिवाय नळीत कुठेतरी न जळलेला कोळसा राहतो. या चुका कार्बन कमी दाखवणाऱ्या, आणि गुणक जास्त दाखवणारा. दोन्ही एकमेकांना बऱ्यापैकी झाकत होत्या. ज्याचा प्रयोग किंचित गचाळ त्याची बेरीज शंभरच्या जवळ. ज्याने जळण पूर्ण व्हावं म्हणून शेवटी ऑक्सिजन सोडला, सांधे नीट बसवले, त्याची बेरीज शंभराच्या पुढे. अशा वेळी माणूस शंका कुणावर घेईल? स्वतःच्या प्रयोगावरच. समोर बर्झेलियसचं कोष्टक असताना दुसरं काही मनातच येत नाही.

द्युमाने कोष्टकावर शंका घेतली. पडताळणीसाठी त्याच्याबरोबर होता जाँ सर्व्हे स्तास, ल्युव्हेनहून आलेला बेल्जियन. शिक्षणाने डॉक्टर, पण सफरचंदाच्या झाडाच्या मुळांच्या सालीतला एक पदार्थ वेगळा करता करता रसायनशास्त्रात शिरलेला. १८४० मध्ये तो २७ वर्षांचा होता. आजच्या हिशेबाने पीएचडीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षातला मुलगा.

त्यांची युक्ती अशी: गुणक तपासायचा तर सूत्र, अणुभार, घनता असल्या कशावरही अवलंबून राहायचं नाही. शुद्ध कार्बन घ्यायचा, तोलायचा, जाळायचा, आणि निघालेला कार्बन डायऑक्साइड तोलायचा. बस. पण शुद्ध कार्बन आणायचा कुठून? लोणारी कोळशात हायड्रोजन असतो, काजळीतही असतो. त्यांनी नैसर्गिक ग्रॅफाइट घेतलं, कृत्रिम ग्रॅफाइट घेतलं आणि हिरे घेतले. हिरा म्हणजे कार्बनच, हे तोवर नवीन नव्हतं. १७७२ मध्ये लव्हाझिए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रचंड भिंगाने सूर्यकिरण एकवटून हिरा जाळला होता आणि १७९७ मध्ये इंग्लंडच्या स्मिथसन टेनंटने हिरा आणि कोळसा सारखाच कार्बन डायऑक्साइड देतात हे दाखवलं होतं. पण त्या सगळ्यांना 'हिरा काय आहे' हे हवं होतं. द्युमा आणि स्तासला फक्त वजनाशी मतलब. ग्रॅम-सव्वा ग्रॅम हिरे एका वेळी भट्टीत घालताना हात थरथरले असतील की नाही कोण जाणे.

तापलेल्या चिनी मातीच्या नळीतून कोरडा, कार्बन डायऑक्साइड काढून टाकलेला ऑक्सिजन जातो आणि त्यात कार्बन जळतो. चुकून कार्बन मोनॉक्साइड तयार झाला तर त्यालाही पूर्ण जाळायला पुढे तांब्याचं ऑक्साइड. मग पाणी शोषणारी नळी, म्हणजे कार्बनमध्ये हायड्रोजन लपलेला असेल तर तो पकडला जाईल. मग पोटॅश, आणि द्रावणातून उडणारी वाफ पकडण्यासाठी त्याच्यापुढेही शोषक. शेवटी जळून उरलेली राख तोलायची आणि मूळ वजनातून वजा करायची. हिऱ्यांचीसुद्धा राख उरते, किंचित.

ग्रॅफाइट असो की हिरे, उत्तर एकच येत राहिलं. ३०० भाग कार्बनला ८०० भाग ऑक्सिजन. म्हणजे ऑक्सिजन १०० धरला तर कार्बन ७६.४४ नाही, ७५. आजच्या मापात १२.२३ नाही, १२.००. गुणक २७.६५ वरून २७.२७ वर आला. डांबरगोळीचा हिशेब या गुणकाने पुन्हा करून बघा: ९३.६ अधिक ६.२, म्हणजे ९९.९ च्या आसपास. १८४०-४१ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि लगेच एर्डमान आणि मार्खांड या जर्मन जोडीनेही हिरे आणि ग्रॅफाइट जाळून द्युमाचीच बाजू बरोबर ठरवली. लीबिगने रेडटेनबाखरबरोबर वेगळ्या वाटेने पडताळा घेतला. सेंद्रिय आम्लांचे चांदीचे क्षार जाळून मागे राहणारी चांदी तोलायची आणि त्यावरून मागे येत कार्बन काढायचा. त्यांचा आकडा ७५ आणि ७६.४४ यांच्या मध्येच कुठेतरी पडला. द्युमा आणि लीबिग यांचं तेव्हा फारसं सख्य नव्हतं, हे लक्षात ठेवून तो वाद वाचला तर जास्त मजा येते. पण जुना आकडा उंच आहे, हे दोन्ही बाजूंना मान्य करावं लागलं.

आता बर्झेलियस कुठे चुकला? मला वाटलं होतं की कुठेतरी ढिसाळपणा सापडेल. तसं नाही.

बर्झेलियसने कार्बन तोललाच नव्हता. पिएर द्युलाँबरोबर त्याने वायूंच्या घनता घेतल्या. (हा द्युलाँ म्हणजे नायट्रोजन ट्रायक्लोराइडच्या स्फोटात एक डोळा आणि बोटं गमावूनही काम करत राहिलेला माणूस.) तर्क असा: ऑक्सिजनमध्ये कार्बन जळला की जितका ऑक्सिजन संपतो तितक्याच आकारमानाचा कार्बन डायऑक्साइड मिळतो. म्हणजे एक लिटर कार्बन डायऑक्साइडमध्ये एक लिटर ऑक्सिजन आहे आणि वरचं जास्तीचं वजन कार्बनचं. दोन्ही वायूंची घनता घ्या, वजा करा, कार्बनचं वजन हातात. हवेची घनता १ धरून त्यांचे आकडे होते: कार्बन डायऑक्साइड १.५२४, ऑक्सिजन १.१०२६. फरक ०.४२१४. त्याला १.१०२६ ने भागून २०० ने गुणा. बरोबर ७६.४४ येतं. करून बघा.

हा तर्क देखणा आहे आणि मोजमापंही त्या काळाच्या मानाने उत्तम आहेत. आजच्या आकड्यांनी हवेच्या तुलनेत शून्य अंशाला कार्बन डायऑक्साइड १.५२९ आणि ऑक्सिजन १.१०५ येतो. हे आकडे बर्झेलियसच्या सूत्रात घातले तर? कार्बन येतो ७६.७ च्या आसपास. म्हणजे त्यांनी आणखी अचूक मोजलं असतं तर उत्तर आणखी चुकलं असतं! हा हिशेब पहिल्यांदा केला तेव्हा मी कॅल्क्युलेटर दोनदा तपासला.

चूक मोजण्यात नव्हती, 'समान आकारमानात समान रेणू' या गृहीतकात होती. आदर्श वायूला हे लागू पडतं. कार्बन डायऑक्साइड तितका आदर्श नाही. त्याचे रेणू एकमेकांना ओढतात, त्यामुळे शून्य अंशाला आणि नेहमीच्या दाबाला तो असायला हवा त्यापेक्षा साधारण पाऊण टक्क्याने कमी जागेत मावतो. एका लिटरात रेणू किंचित जास्त, म्हणून घनता किंचित जास्त. पाऊण टक्का म्हणजे किरकोळ, पण इथे वजाबाकी आहे. ४४ मध्ये घुसलेली चूक ३२ वजा केल्यावर सगळीच्या सगळी १२ च्या वाट्याला येते, आणि पाऊण टक्क्याचे दोन टक्के होतात. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी: दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून छोटा आकडा काढायचा असेल तर सावध. वायू आदर्श नियमापासून किती ढळतात हे पद्धतशीर मोजलं रेन्योने १८४० च्या दशकात, आणि रेणूंच्या ओढीने त्याचा उलगडा केला फान डर वाल्सने १८७३ च्या आपल्या प्रबंधात. १८२० च्या बर्झेलियसला हे कुणी सांगणार?

द्युमाच्या बाजूलाही थोडं नशीब होतं, हे मान्य करायला हवं. विल्यम प्राउटने १८१५ मध्ये कल्पना मांडली होती की सगळे अणुभार हायड्रोजनच्या पूर्ण पटीत असावेत. द्युमाला ती कल्पना आवडायची आणि १२.०० हा आकडा त्यात चपखल बसत होता. १८४२ मध्ये त्याने पाण्याचं प्रमाण १९ प्रयोग करून ठरवलं, त्यातही उत्तर १ ला ८ असं गोल धरलं. कार्बनच्या बाबतीत हे गोल धरणं निभावून गेलं, कारण खरा अणुभार १२.०११ आहे. ते ०.०११ येतात निसर्गातल्या कार्बनमध्ये सुमारे १.१ टक्का असलेल्या जड कार्बन-१३ मुळे. स्तासला आधी प्राउटचं पटलं होतं. पण पुढे ब्रसेल्सला त्याने चांदी, क्लोरीन, पोटॅशियम यांचे अणुभार त्या शतकात कुणी केले नाहीत इतक्या बारकाईने काढले, आणि क्लोरीन ३५.५ च्या खाली-वर कुठल्याही पूर्ण आकड्यावर बसत नाही म्हणून तोच प्राउटच्या कल्पनेचा सगळ्यात कडक विरोधक झाला. हिऱ्यांच्या वेळचा तो २७ वर्षांचा मुलगा गुरूच्या आवडत्या कल्पनेविरुद्ध गेला, आणि तेही गुरूकडूनच उचललेल्या तोलण्याच्या हट्टाने.

कार्बन ७५ झाल्यावर सूत्रांचं काय झालं? लहान रेणूंचं फारसं काही नाही. साखरेसारख्या पदार्थात सूत्र पूर्णांकांत बसवताना अर्धा टक्का बहुतेक वेळा पचून जातो. अडचण झाली ती मेद, मेण, कोलेस्टेरॉल, अल्कलॉइड अशा कार्बनबहुल मोठ्या रेणूंची. तिथे शेकडा एक टक्का कार्बन म्हणजे पंचवीस-तीस कार्बनांच्या सूत्रात एखादा कार्बन इकडचा तिकडे. १८४० च्या दशकातले शोधनिबंध चाळताना 'जुन्या अणुभाराने' आणि 'नव्या अणुभाराने' असे दोन-दोन रकाने दिसतात ते यामुळेच. कुणी आपलं जुनं पृथक्करण पुन्हा न करता नुसतं नव्या गुणकाने मांडलं, आणि मग आधी झाकली गेलेली ती दुसरी चूक, कार्बन कमी भरण्याची, उघडी पडली. बेरीज आता शंभराच्या खाली. त्यामुळे प्रयोग पुन्हा करावे लागले, या वेळी शेवटी ऑक्सिजन सोडून आणि पोटॅशपुढे कोरडा शोषक जोडून.

हे सगळं माझ्या कामात कुठे येतं? मी नवीन संयुगं बनवतो आणि प्रत्येकाच्या शुद्धतेचा पुरावा म्हणून प्रबंधात एक ओळ लागते: कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, 'काढलेले' आणि 'सापडलेले'. दोन-तीन मिलिग्रॅम पावडर कथलाच्या इवल्याशा पुडीत घालून यंत्रात टाकायची. ती ऑक्सिजनमध्ये भपकन जळते आणि काही मिनिटांत आकडे येतात. मिलिग्रॅमवर हे करता यावं म्हणून फ्रिट्झ प्रेगलने तराजूपासून नळ्यांपर्यंत सगळं लहान केलं, त्याला १९२३ चं नोबेल मिळालं. नियतकालिकं 'काढलेल्या' आणि 'सापडलेल्या' आकड्यांत ०.४ टक्क्यांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाहीत. एका संयुगासाठी मला एका ठिकाणी तीनदा नमुना पाठवावा लागला होता, ती कहाणी वेगळी. २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात तेच शुद्ध पदार्थ वेगवेगळ्या देशांतल्या प्रयोगशाळांकडे पाठवले होते आणि त्यांतलेही काही आकडे ०.४ च्या बाहेर पडले. म्हणजे ही मर्यादा वाटते तितकी सोपी नाही.

आणि 'काढलेले' हा रकाना येतो कुठून? तोच तो सिलिंडरवाला हिशेब, सूत्रात कार्बनला १२.०११ धरून. 'सापडलेले'साठी यंत्राला पोटॅश तोलावा लागत नाही. ते वायूची उष्णतावाहकता मोजतं आणि आकड्यांत रूपांतर करतं एका ओळखीच्या पदार्थाशी तुलना करून. बऱ्याच प्रयोगशाळांत तो पदार्थ असतो अ‍ॅसिटॅनिलाइड. बाटलीवर त्याचा कार्बन लिहिलेला असतो: ७१.०९ टक्के. तो आकडाही मोजलेला नाही, ८ कार्बनना १२.०११ ने गुणून काढलेला आहे. बर्झेलियसचा कार्बन धरला तर तिथे ७१.४६ आलं असतं, आणि यंत्राला त्यात काहीच वावगं दिसलं नसतं.